कमलम्मा टीचरनी न दिलेला पीस

आता मला सांगा, एखादा म्हणला ‘मार हिरीत उडी’, तर लगीच चपला काढून कठड्यावर चढायचं असतं का? शिवराज म्हणला, ‘हाय का दम?’ आन ते बेणं म्हणलं, ‘हाय की!’ झालं. दोन शब्द. त्या दोन शब्दापायी आज ही येळ आलीया... तुमी सगळी मंडळी ह्या एप्रिलच्या उकाड्यात हॉलमधी पंखे मोजत बसलाय, पुण्याच्या मॅडम मांडीवर कागद घेऊन बसल्यात, पियानोचं झाकण उघडं हाय, आन वाजवणारी पोरगी? ती आत मोरीत बसलीया, गरम पाण्याच्या बादलीत कोपरापतोर हात घालून. बसा की मावशी, उठू नका, कार्यक्रम संपला न्हाई. माईक मी हिसकावला न्हाई बरं का, मायाप्पाकाकांनीच दिला. म्हणले, बिरू, पाच-धा मिन्टं कायतरी बोलत ऱ्हा, पोरीचा हात जरा मोकळा हू दे. आता मला ‘थोडंच बोल’ म्हणायचं म्हंजे म्हशीला पेंडीचं पोतं दावून ‘वास घे फक्त’ म्हणायचं.

तर मी बोलतो. त्या बेण्याविषयीच बोलतो. नाव इचारू नका, आमच्यातलंच हाय, हितंच हाय, आन शिवराज, तू खाली बघू नको बे, तुझं बी येणार हाय ह्यात.

तुमाला सांगतो, आधी टीचर कोण ते कळलं पायजे, त्याबिगर पाप किती मोठं ते कळत न्हाई. ह्या पुढच्या रांगंत पांढऱ्या पातळात बसल्यात त्या कमलम्मा टीचर. वय बहात्तर. विणकराच्या घरातल्या, घरात तेलगू, वर्गात मराठी, आन पियानोसंगट काय बोलतात ते तेवढं पियानोलाच ठावं. त्या ल्हान होत्या तवा ह्या कंपाउंडात एक गोरी बाई ऱ्हायची, तिनं शिकवलं. ती गेली तिच्या मुलखाला, पियानो हितंच ऱ्हायला, आन टीचर पियानोजवळ ऱ्हायल्या. चाळीस वरसं शिकवतात. सोलापूरचा उन्हाळा, लाकूड तडकतंय, म्हणून पियानोखाली पाण्याचं घमेलं भरून ठेवायला लावतात, स्वताच्या डोक्यावर पंखा नसला तरी चालतो, पियानोचा घसा कोरडा पडाय नको. आन बोलतात किती? मी सहा वरसं शिकतोय, मला अजून एकदा ‘बरं’ म्हणल्या न्हाईत. वाईट वाजवलं तर पेन्सिल खाली ठेवतात. चांगलं वाजवलं तर पेन्सिल हातातच ऱ्हाती. एवढ्यावर आमी दिवस काढलेत.

आन वाजवणारी पोरगी म्हंजे प्रियदर्शनी. मायाप्पाकाका ह्या कंपाउंडचे वॉचमन, त्यांची पोरगी, म्हंजे माझी चुलत बहीण. आमी मूळची सांगोल्याकडली, मेंढरामागं चालणारी माणसं, आमच्या सात पिढ्यात बसून कुणी काम केलं न्हाई. आन ही आठ वरसाची आसताना, काका हॉल झाडत होते, ही जाऊन पियानोचं झाकण उघडून एकच पट्टी दाबून धरून उभी. बडवली न्हाई, दाबून धरली. आवाज पार इझेपतोर. मंग दुसरी. टीचर मागं कवा येऊन थांबल्या कळलंच न्हाई. काका गार, म्हणले गेली नोकरी. टीचर म्हणल्या, उद्यापासून पाठवा. तीन वरसं ती एकटी जात होती, मंग काकींना वाटलं, पोरगी मोठी हू लागली, संगट कुणीतरी पायजे. संगट कोण? मी. म्हशीच्या मागं रेडकू.

आता टीचरांची एक रीत हाय. दर जूनला हात मोजायचा. टेबलावर खाकी कागद पसरायचा, पोराचा पंजा ताणून त्यावर ठेवायचा, कडंनं पेन्सिल फिरवायची, शिंपी माप घेतो तसं. अंगठ्यापासनं करंगळीपतोर फूटपट्टी लावायची, तारीख टाकायची, आन त्या काढलेल्या हाताच्या आत, बरोबर तळव्यावर, यंदा ह्या हातानं काय वाजवायचं ते ल्ह्यायचं. हाताच्या रेघंभायेर काय ल्हीत न्हाईत. समजलं का? पीस, म्हंजे वाजवायचं गाणं, आवडीवर ठरत न्हाई, हातावर ठरतो.

त्यात ती युरोपातली जुनी हळवी माणसं, दीडशे-पावणेदोनशे वरसामागची, त्यांचे पीस म्हंजे लई धोक्याचं काम. नावं मला घेता येत न्हाईत, जीभ अडकती. एक खोकत खोकत गेला. एकानं बोटात ताकद यावी म्हणून कसलंतरी यंत्र लावलं आन बोटच घालवून बसला. एकाचा पंजा एवढा, की आमचे दोन हात लागतात तितं त्याचा एक पुरायचा. ह्या लोकांनी आपापल्या मापाचे कपडे शिवून ठेवले आन मरून गेले, आता ते आमी घालायचे. ऐकाय कसं वाटतंय, कुणीतरी डोक्यावरनं हात फिरवतंय. वाजवाय बसलं की आग्यामव्हळ. म्हणून टीचर सांगतात, ऐकून पीस निवडायचा नाही. तुझ्या सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा जो वाजेल, तो तुझा पीस. आता हे वाक्य आमी सगळ्यांनी वहीत ल्हून घेतलंय. त्या बेण्यानं बी घेतलंय. वही कुटं हाय ते मातर इचारू नका.

तर यंदा काय झालं, पुण्याहून पत्र आलं. तितल्या एका संगीताच्या शाळंत एक जागा हाय. एकच. दोन वरसं ऱ्हाणं, खाणं, शिकणं सगळं त्यांच्याकडं, आन खोलीत पियानो. खोलीत! ह्या मॅडम गावोगाव हिंडून पोरं ऐकणार, पोरानं एकच पीस वाजवायचा, आन फॉर्ममधी आधी ल्हिलेला आसंल तोच. प्रियाची बारावी झालीया. काकांनी नर्सिंगचा फॉर्म आणून टीव्हीखाली ठेवलाय. काका वाईट न्हाईत ओ, काका म्हणतात, नर्सचं पुढं काय होतंय ते मला ठावं हाय, पियानोवालीचं काय होतंय ते मला कुणी सांगितलंच न्हाई. बरोबर हाय की त्यांचं. तर ही जागा मिळाली तर पियानो, न्हाईतर जूनपासनं पांढरा ड्रेस. सगळं एका पीसवर.

टीचरांनी आठ दिवस घेतले. आठ दिवस प्रियाच्या हाताचा खाकी कागद टेबलावर उघडाच. मंग एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं ल्हिलं: प्रियदर्शनी, नॉक्टर्न, दोन पाने. नॉक्टर्न म्हंजे रातच्या येळचं गाणं, शांत, हळू, पोरीच्या हाताला सदरा बसावा तसं बसलेलं. आन चिठ्ठी कुणाकडं दिली? टीचरांचा फोन बटणाचा, प्रियाचा फोन काकांच्या कपाटात, फॉर्म ऑनलाइन. चिठ्ठी गेली त्या बेण्याकडं, त्याच्याकडं मोबाईल चांगला म्हणून. नीट भर म्हणल्या न्हाईत, भरून मला दाव म्हणल्या न्हाईत. चिठ्ठी हातात ठेवली आन टीचर पियानोकडं वळल्या.

बेणं चिठ्ठी खिशात घालून गेलं कुटं? गड्ड्याच्या जत्रंला. जानेवारी म्हणल्यावर सोलापूरचं पोरगं दुसरं कुटं सापडणार? तितं पाळण्याखाली भेटला शिवराज. शिवराज म्हंजे हा, तिसऱ्या रांगंत, निळा शर्ट, हात वर कर बे. न्हाई करत. बरं. ही दोघं एका बँजो पार्टीत वाजवतात, शिवराज बँजो, बेणं कीबोर्ड. आता बँजो पार्टीचं शास्तर येगळं. तितं हळू वाजवलं की माणसं पाणी प्यायला जातात. जो फास्ट तो मास्टर, जो मोठ्यानं तो राजा, आन कुठलं बी गाणं कुठल्या बी पट्टीत आसू दे, कीबोर्डला बटण आसतंय, बटण दाबलं की पट्टी आपोआप चढती-उतरती, बोटं आपली त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर. ते बेणं पहिल्यांदा पियानोवर बसलं तवा खाली वाकून बटण हुडकत होतं. टीचरांनी तवा बी पेन्सिल खाली ठेवली.

तर शिवराजनं चिठ्ठी वाचली. म्हणला, दोनच पानं? पुण्याला जायचंय आन दोन पानं? आमच्या पार्टीत येवढ्यात तर वायरी बी जोडून होत न्हाईत. बेणं म्हणलं, टीचरनी ठरवलंय, त्यांनी ठरवलेला पीस चाळीस वरसात कुणी बदलला न्हाई. एवढंच म्हणायचं होतं. तितं गप बसायचं होतं. तर हा काय म्हणतो,

‘चाळीस वरसात न्हाई, तर तू काय बदलतोस बे. हाय का दम?’

‘हाय की.’

पैज कशावर? गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर पुढं कुणी उभं ऱ्हायचं ह्यावर. बगा आता. टेम्पोच्या टपाजवळची दोन फूट जागा. त्या दोन फुटासाठी मी मोबाईल काढला...

त्यानं. त्या बेण्यानं काढला. हसू नका की मावशी.

फॉर्ममधी यादी होती, पीसची, खाली खाली जाणारी. नॉक्टर्न वरच होतं. अंगठा खाली गेला, अजून खाली, पार तळाला, तितं बॅलड, म्हंजे पियानोवर सांगायची लांबलचक कथा. चौदा पानं. चौदा! पाळणा वर फिरतोय, लाईटी लागल्यात, भजीचा वास येतोय, शिवराज कानाशी ‘दाब, दाब’ करतोय, आन अंगठ्यानं दाबलं. आन तुमाला खरं सांगतो, हे नुसतं पैजंपुरतं नव्हतं. त्या बेण्याला मनातनं वाटत होतं, ही पोरगी मोठ्यानं वाजवंल, फास्ट वाजवंल, तर पुण्याच्या मॅडम खुर्चीतच गार पडतील. दोन पानात काय दिसणार हाय तिचं? त्याला वाटलं आपण तिचं भलंच केलं. मूर्ख माणूस वाईट करताना बी भलंच करत आसतो, म्हणून तर तो सापडत न्हाई लवकर.

सकाळी उठून दुरुस्त करावं म्हणलं तर फॉर्मला कुलूप. एकदा पाठवला की पाठवला.

पंधरा दिवसांनी घरी पत्र आलं. प्रियानं फोडलं, वाचलं, आन चपला न घालता पळत सुटली, ती थेट हितं. टीचर पियानो पुसत होत्या. हिनं पत्र त्यांच्या हातात दिलं आन पायावर डोकं ठेवलं. उठंचना. रडतीया. का? तिला वाटलं, टीचरांनी मोठा पीस दिला. ज्या टीचरांनी नऊ वरसात एकदा ‘बरं’ म्हणलं न्हाई, त्यांनी चौदा पानांचा बॅलड दिला, म्हंजे काय समजायचं पोरीनं? तिला वाटलं, हेच ते ‘बरं’. नऊ वरसांचं एकदम दिलं.

आन टीचर? टीचरांनी पत्र वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. त्यांना काय वाटलं आसंल बोला बरं. त्यांना वाटलं, पोरीनंच चिठ्ठीतलं नाव बदलाय लावलं. चाळीस वरसात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं माप नाकारलं, आन ते बी हिनं. आन वर पाया पडून रडतीया, म्हंजे मोठा पीस पायजे होता आन तोंडानं मागायची लाज वाटली. खाकी कागद टेबलावरच होता. त्यांनी तो उचलला, बघितला, कपाटात ठेवला, ट्रंकंतनं बॅलडचं पुस्तक काढून पियानोवर उघडलं. ते बेणं खिडकीत उभं, तोंडात शेंगाचटणीचा घास तसाच धरून. आता टीचर बोलणार, आता विचारणार, एक शब्द विचारला आसता तर तितंच सगळं उघडं पडलं आसतं. टीचर काय बोलल्या न्हाईत.

तवापासनं तीन महिने.

तीन महिने तुमाला काय सांगू. तो बॅलड चालू होतो कसा, गोंधळी कथा लावायच्या आधी नुसता आवाज घोळवतो तसा, सावकाश, कुणाला घाई न्हाई. मंग दोन पावलं पुढं, एक मागं. मंग पानं भरभर काळी व्हायला लागतात. आन शेवटची दोन पानं म्हंजे वळवाच्या गारा पत्र्यावर. प्रियाचा पंजा आठ पट्ट्यांचा, ओढून ताणून नऊ. बॅलड मागतोय धा. पियानो तिला संध्याकाळी एक तास मिळायचा, बाकी सराव घरी, आन घरी काय? बँजो पार्टीतला कीबोर्ड. एकसष्ट पट्ट्यांचा. पियानोला अठ्ठ्याऐंशी. म्हंजे हा बॅलड त्या कीबोर्डच्या दोन्ही अंगानं खाली सांडायचा, ल्हान परातीत मोठी भाकरी थापल्यागत. मंग प्रियानं काय केलं, दोन फळ्या आणल्या, एक डावीकडं एक उजवीकडं, त्यावर खडूनं पट्ट्या आखल्या, आन हात तितं गेला की लाकूड बडवायची. केराबाई आज्जी, आमची आज्जी, ती दारात बसून बघायची. एक दिवस म्हणली, पोरी, ह्या फळीतनं आवाज येत न्हाई, मंग येवढ्या जोरात का हाणतीस? प्रिया म्हणली, आज्जी, मला येतो की ऐकू. मी कीबोर्डची वायर सरळ करत बसलो.

मार्चमधी मनगट सुजलं. आज्जीनं वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, हळद लावली, डॉक्टरांनी सांगितलं महिनाभर हात हलवायचा न्हाई. पोरीनं तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी फळी बडवल्याचा आवाज.

तुमी म्हणाल, त्या बेण्यानं तवाच का न्हाई सांगितलं? गेलतं की! तीनदा गेलतं. एकदा गेलं तर टीचर घमेल्यात पाणी ओतत होत्या, म्हणलं, टीचर, एक सांगायचंय. टीचरांनी कळशी त्याच्या हातात दिली. ओतून आलं. दुसऱ्यांदा गेलं, बारकी पोरं बसलेली, पोरांसमोर कसं सांगायचं? तिसऱ्यांदा कुणीच नव्हतं. टीचर एकट्याच, पियानोचं झाकण मिटलेलं, वर बॅलडचं पुस्तक, शेवटच्या दोन पानावर पेन्सिलीनं बोटांचे आकडे घालत होत्या. खोडत होत्या, परत घालत होत्या. त्या बारक्या पंजाला धा पट्ट्या कशा पुरवायच्या, कुठली पट्टी सोडली तर कानाला कळणार न्हाई, ह्याचा हिशोब मांडला होता. बहात्तराव्या वर्षी, जो पीस स्वता दिलाच न्हाई त्याच्यासाठी. ते बघितलं आन ते बेणं आल्या पावली माघारी फिरलं. टीचरांनी मान वर करून बघितलं आन परत आकडे घालू लागल्या.

मंग त्यानं प्रियाला फिरवायचा घाट घातला. काल संध्याकाळची गोष्ट. ती वाजवत होती, बारा पानं झाली, तेराव्यावर हात थांबला. तीन महिन्यात एकदाबी चौदावं पान आलं न्हाई ओ. एकदाबी न्हाई. हात मांडीवर ठेवून बसली. त्यानं म्हणलं, आगं सोड की हे खूळ, ते छोटं वाजव, नॉक्टर्न, तुझं ते झोपंत बी चुकत न्हाई. आन छोटं तिचं खरंच तयार हाय बरं का. तुमी म्हणाल कसं? टीचर तीन महिने रोज बॅलडच्या आधी तेच वाजवून घेतात. रोज दोनदा. हात गरम करायला म्हणून. फक्त एवढंच कारण सांगतात, हात गरम करायला. तर त्यानं म्हणलं, छोटं वाजव. प्रिया त्याच्याकडं बघून काय म्हणली ठावं हाय?

‘टीचरांनी माझ्यावर विश्वास टाकलाय, बिरू. आता मी माघारी कशी फिरू?’

हां. ‘बिरू’ म्हणली. कळलं का आता? कळलंच आसंल, तुमी काय येडी न्हाई, ती मावशी तर पाळण्यापासनंच हसतीया. पण थांबा, मला माझ्या तोंडानं म्हणू दे, कारण तसंच म्हणायला लागतंय. मगाशी चहाच्या येळंला मी ह्या मॅडमकडं गेलो. म्हणलं, मॅडम, समजा बरं का, समजा, एखाद्याचा फॉर्म दुसऱ्यानंच चुकीचा भरला आसंल तर पीस बदलता येतो का? मॅडम म्हणल्या, मुलीनं सांगून चालणार नाही, तसं तर सगळेच सांगतील. ज्यानं भरला त्यानं सगळ्यांसमोर येऊन सांगितलं तर चालेल. कोण आहे तो? मी म्हणलं, बघतो मॅडम, हितंच कुटंतरी आसंल. चहा संपवला. कप इसळला. दुसऱ्यांचे बी कप इसळले. मंग काकांनी माईक दिला.

तुमाला वाटत आसंल, पोरगं मार खायला भितंय. न्हाई ओ. मार आपल्याला नवा न्हाई, शाळंत माझी हजेरी छडीवरच लागायची. भीती दुसरीच हाय. आता मी म्हणालो की हा पीस मी टाकला, तर त्या मोरीत बसलेल्या पोरीला काय कळणार? की टीचरांनी बॅलड दिलाच नव्हता. ते नऊ वरसांचं ‘बरं’ आलंच नव्हतं. ती फळ्या बडवत होती त्या, कुणी न टाकलेल्या विश्वासासाठी. सुजलेलं मनगट उतरंल, पण हे? न सांगावं तर आज हितं तेराव्या पानावर हात थांबणार, मॅडम कागदावर रेघ मारणार, आन टीव्हीखालचा फॉर्म बाहेर येणार. सांगावं तर हे. तीन महिने त्या दोघी एका बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसल्या, आन दोघींच्या मधी मी बसलेला. दोघींना बी दिसलो न्हाई.

तर ल्ह्या मॅडम. ते बेणं म्हंजे मी. बिरुदेव येडू बंडगर. फॉर्म मी भरला. टीचरांनी नॉक्टर्न ल्हिलं होतं, चिठ्ठी अजून माझ्या घरी हाय, फाडायचं धाडस झालं न्हाई. बॅलड मी टाकला. प्रियाला ठावं नव्हतं, टीचरांना ठावं नव्हतं, शिवराजला ठावं होतं पण अंगठा माझा होता. पैजंवर टाकला. बस. झालं. एवढंच होतं, तीन महिने घशात कसं मावलं काय की.

...

पंखे तेवढे वाजतात. मॅडम ल्हितायत. काका भितीला टेकून उभे हायत, माझ्याकडं बघत न्हाईत, त्यांच्या पायातली चप्पल बघतात, ते मला फारसं बरं लक्षण वाटत न्हाई. टीचर उठल्या. हिकडं येतात का? न्हाई... मोरीकडं चालल्यात. प्रिया दारातच उभी हाय. कवापासनं उभी हाय कुणास ठाऊक. हातातनं पाणी गळतंय, पुसायचं भान न्हाई. टीचर तिच्यासमोर जाऊन थांबल्या. माईक लांब हाय, पण हॉल येवढा गप हाय, तुमाला बी ऐकू आलं आसंल.

‘मला वाटलं तुमी दिला,’ प्रिया म्हणली.

‘मला वाटलं तू घेतला,’ टीचर म्हणल्या.

तीन महिने ओ. तीन महिने, दोन वाक्यं, एका बाकड्यावर. आन मधी कोण? जाऊ दे.

आता टीचर त्यांच्या पदरानं तिचा हात पुसतायत. एक एक बोट. मनगटापाशी आल्या की हळू. प्रिया खाली बघतीया, तिच्या डोळ्यातनं... मी न्हाई सांगत. टीचरांनी हात सोडला न्हाई, तसाच धरून म्हणल्या, ‘दिला असता मी. अजून पाच वर्षांनी.’

ऐकलं का? दिला आसता म्हणल्या. मावशी, तुमी का रडताय, तुमची कोण लागती ती?

मॅडमनी मान हलवली. नॉक्टर्न चालंल म्हणतात. प्रिया आली, बसली, बाकडं पुढं ओढलं. बॅलडचं पुस्तक तिनंच मिटलं, जोरात न्हाई, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं. माझ्याकडं एकदा बघितलं. त्यात शिव्या होत्या, पण सगळ्याच शिव्या नव्हत्या. तिच्या नजरंतलं बाकीचं मला कळायला वरीस जाईल.

आन टीचर हिकडं येतायत. आता मातर माझ्याकडंच येतायत. मी गाल पुढं केलाय, चष्मा न्हाई, दात मजबूत हायत, काका, माईक धरा जरा. टीचर, मारा. सगळ्यांसमोर मारा. न्हाई? मंग उद्यापासनं येऊ नको म्हणा. ते बी न्हाई? माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात,

‘बिरू, इथून पुढं तुझा पीस तूच निवडायचा. मी सांगणार नाही.’

एवढंच. गेल्या, जाग्यावर बसल्या.

आयुष्यात मला पहिल्यांदा येवढं लांब वाक्य बोलल्या, आन ते हे. एक झापड हाणली आसती तर बरं झालं आसतं की ओ, चार दिवसात वळ उतरला आसता. आता जन्मभर माझं मलाच ठरवत बसायचं, मला काय झेपतंय आन काय न्हाई.